भव्य शिल्प शहरात आणायचं, तर त्याच्या पायाशी माणसाला जागा हवी

मिशिगन-काठ

शिकागोच्या डेली प्लाझात, न्यायालयांच्या इमारतीसमोर, पिकासोचं पोलादी शिल्प उभं आहे. उंची ५० फूट, वजन १६२ टन. पिकासोने त्याला नाव दिलं नाही आणि ते काय आहे हेही कधी सांगितलं नाही. कुणाला त्यात बाई दिसते, कुणाला कुत्रा, कुणाला माकड. दुपारच्या सुट्टीत लोक त्याच्या सावलीत डबा खातात, पोरं त्याच्या उतरत्या बुडावरून घसरगुंडी खेळतात, नाताळच्या आधी भोवती बाजार भरतो, आणि शहरात काही बिनसलं की मोर्चाही तिथेच येतो.

आज इतकं रुळलेलं हे शिल्प आलं तेव्हा मात्र कुणाला नको होतं. १९६३ साली नव्या इमारतीच्या वास्तुरचनाकारांपैकी विल्यम हार्टमन फ्रान्सला जाऊन पिकासोला भेटला. पिकासो आयुष्यात कधी अमेरिकेला आला नाही, म्हणजे ज्या चौकासाठी काम करायचं तो त्याने डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. त्याला एक लाख डॉलर मानधन देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही आणि रचना शहराच्या लोकांना भेट दिली. बांधणीचा साडेतीन लाख डॉलरचा खर्च बहुतांशी तीन धर्मादाय संस्थांनी उचलला. जवळच्या गॅरी गावातल्या पोलाद कंपनीने ते घडवलं. पोलाद इमारतीला वापरलं तेच, कॉर-टेन.

१५ ऑगस्ट १९६७ ला महापौर रिचर्ड डेलींनी पडदा ओढला तेव्हा जमलेली माणसं बुचकळ्यात पडली. एका नगरसेवकाने तर ते काढून तिथे अर्नी बँक्स या बेसबॉलपटूचा पुतळा बसवा अशी सूचना केली. डेली स्वतः कलेचे जाणकार नव्हते, पण आज जे विचित्र वाटतंय ते उद्या ओळखीचं होईल अशा अर्थाचं काहीतरी ते त्या दिवशी बोलले, आणि ते खरं ठरलं. १९७४ मध्ये जवळच अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराचा ५३ फुटी लालभडक 'फ्लमिंगो' आला. १९७८ मध्ये शहराने नियमच केला की सरकारी इमारत बांधताना खर्चाचा ठरावीक हिस्सा कलाकृतीसाठी ठेवायचा. पिकासोचं शिल्प लोकांनी पचवलं नसतं तर पुढचं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं असं. आपल्याकडे शिल्प म्हटलं की पहिली चर्चा उंचीची होते: किती फूट, शेजारच्या जिल्ह्यापेक्षा किती जास्त. त्याच्या पायाशी माणूस काय करणार, बसणार कुठे, मूल हात लावू शकेल का, हे कुणी विचारत नाही. चौथरा, त्याभोवती कठडा, कठड्याभोवती वाहतूक. रस्ता ओलांडून तिथवर जायचं तरी कसं? तुमच्या गावात एखादं मोठं शिल्प असं आहे का, की ज्याच्या अंगाखांद्यावर लोक वावरतात? आणि नसेल तर का नाही?

---

पर्वती-पायथा

धागा आवडला, पण एक गोष्ट खटकली. आपल्याकडचे पुतळे लोकांपासून तुटलेले आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय. १४ एप्रिलला कुठल्याही तालुक्याच्या गावी बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन बघा. मध्यरात्री बारापासून रांग असते. निळे झेंडे, मेणबत्त्या, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप, नव्या साड्या नेसून आलेल्या बाया. शिवजयंतीला गडावरून मशाल घेऊन धावत आलेली पोरं शहरात पुतळ्यापाशीच थांबतात. लग्नाआधी नवरा-नवरी हार घालायला येतात, मोर्चा तिथूनच निघतो. पुतळ्याला कायमची शिडी असते ती हारासाठीच. ही जवळीक डबा खाण्यापेक्षा कमी आहे का?

कठडा का आला तेही बघा. विटंबना झाली की गाव पेटतं, हे आपण पुन्हा पुन्हा पाहिलंय. कठडा आणि कॅमेरा हौसेने लावलेला नाही. ज्यांना शतकानुशतकं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांनी चौकात आपला माणूस उभा केला, तर ते त्याची राखण करणारच. त्या पुतळ्यावर कुणी घसरगुंडी खेळावी असं मलाही वाटणार नाही.

---

मिशिगन-काठ

@पर्वती-पायथा, हे तुम्ही फार नेमकं मांडलंत. माझा रोख त्या पुतळ्यांवर नाही. आदराचा पुतळा आदराच्या अंतरावर असावा, आणि १४ एप्रिलची ती रांग जगातल्या कुठल्याही शिल्पाला हेवा वाटावा अशी आहे. माझा प्रश्न असा की त्या पुतळ्याखेरीज दुसरं काही भव्य आपल्या चौकात का येत नाही? जे कुणाचंच स्मारक नाही, ज्याच्या विटंबनेचा प्रश्नच उद्भवत नाही, असं काही?

---

रेवस-बंदर

येतं ना, पण ते शहरात नाही, सासवण्याला. अलिबाग तालुक्यातल्या या गावी नानासाहेब करमरकरांचं घर आणि शिल्पालय आहे. पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला ते करमरकर. तो पुतळा १९२८ चा. माझगाव डॉकमध्ये ओतला आणि तयार झाल्यावर रेल्वेने घाट चढवून पुण्याला नेला. मोठं शिल्प करायचं म्हणजे ते नेणार कसं हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो, हे त्यावरून कळतं.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या अंगणाबद्दल. तिथे त्यांनी गावातलीच माणसं आणि जनावरं घडवली आहेत. कोळीण आहे. म्हैस आहे, खऱ्या मापाची, आणि बरीचशी कामं साध्या सिमेंटमध्ये. शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलं आधी म्हशीकडे धावतात. चौथरा नाही, कठडा नाही. कांस्याचे मोठमोठे पुतळे ओतणारा माणूस निवृत्त होऊन गावी आला आणि त्याने शेजाऱ्यांची शिल्पं केली, ती त्यांच्याच वाटेवर ठेवली. आपल्याकडे हा नमुना घरातच आहे, शहरांनी उचलला नाही एवढंच. मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरलात तर सासवणे जवळच आहे, नक्की जा.

---

शिंपोली

मुंबईकर म्हणून काळ्या घोड्याचं सांगते. १८७९ साली अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला पुतळा, घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ मध्ये तो तिथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे. लोकांनी राजपुत्राला कधी मनावर घेतलं नव्हतं, नाव घोड्याचं पडलं होतं. घोडा गेल्यावरही पन्नास वर्षं पत्ता 'काळा घोडा'च राहिला. त्या रिकाम्या जागेला नाव होतं आणि तिथे उभ्या राहणाऱ्या मोटारी होत्या. २०१७ मध्ये नवा घोडा आला, स्वाराशिवाय.

स्वार न ठेवण्याचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथे कुणाला बसवायचं यावर वाद घालत बसलो असतो तर अजून काहीच उभं राहिलं नसतं. मिशिगन-काठ म्हणतात तसं, कुणाचंच स्मारक नसलेलं शिल्प मुंबईच्या भर वस्तीत आहे, आणि कुणाची त्याला हरकत नाही.

---

ओतकाम

मी पुतळ्यांच्या ओतकामात आहे, म्हणून कारखान्याच्या बाजूने लिहितो. लोकांना पुतळा एकसंध दिसतो. प्रत्यक्षात मातीचं काम, त्यावरून साचा, मग मेण, मग भट्टी, आणि मोठा पुतळा असेल तर तो तुकड्यातुकड्यांत ओतून जोडलेला असतो. धातूची जाडी काही मिलिमीटर. सगळा भार आतला सांगाडा घेतो. सांगाडा साध्या लोखंडाचा असेल, तो कांस्याला थेट टेकला असेल आणि खारी हवा आत शिरत असेल, तर आधी लोखंड जातं. बाहेरून काही दिसत नाही. पाणी निघायला पायाशी भोकं ठेवावी लागतात. गिऱ्हाईकाला ती नको असतात, 'वाईट दिसतं' म्हणतात.

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुढे चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं बाहेर आली. महाराजांचा पुतळा असा पडलेला बघून आमच्या कारखान्यात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. आता तिथे राम सुतारांचा ६० फुटी पुतळा उभा आहे, मे २०२५ मध्ये अनावरण झालं. सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. आमच्या धंद्यात त्यांचं नाव घेताना हात जोडले जातात.

माझी कळकळीची विनंती आहे की पुतळ्याची तारीख राजकारणाच्या कॅलेंडरवर ठरवू नका. माती वाळायला, साचा बसायला, जोड तपासायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. घाई केली की ती आतल्या सांगाड्यात जाऊन बसते.

---

खोल-पाया

@ओतकाम, शंभर टक्के. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुतळ्यांवर फार काम नाही, पण होर्डिंग आणि टॉवरवर केलंय. प्रश्न तोच असतो: वारा. उंच वस्तू स्वतःच्या वजनाने सहसा पडत नाही, वाऱ्याने आडवी होते.

इंग्लंडच्या उत्तरेला गेट्सहेडमध्ये 'एंजल ऑफ द नॉर्थ' आहे, अँटनी गॉर्म्लीचं, १९९८ चं. उंची २० मीटर, पंखांचा पसारा ५४ मीटर, वजन २०० टन. माळावर उघड्यावर उभं आहे. ते पंख म्हणजे वाऱ्यासाठी भिंतच. ताशी १०० मैलांहून जास्त वारा धरून हिशेब केलाय, आणि त्याला खाली ६०० टन काँक्रीट आहे, २१ मीटर खोल खडकाला धरलेलं. म्हणजे वर दिसतं त्याच्या तिप्पट वजन जमिनीत गाडलंय. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

आपल्या निविदेत पुतळ्याच्या उंचीला एक ओळ असते आणि पायाला 'आवश्यकतेनुसार'. माती परीक्षणाचा अहवाल मागितला तर लोक माझ्याकडे बघत राहतात. आणि कॉर-टेनबद्दल एक सूचना, कुणाला शिकागोची नक्कल करायचा मोह झाला तर. त्या पोलादावर गंजाचाच एक घट्ट थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. पण त्यासाठी ओलं-कोरडं असं चक्र लागतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर नीट बसत नाही, गंज खातच राहतो. वरळीला किंवा मिऱ्याला ते लावू नका.

---

पर्वती-पायथा

परवानगीचं कुणी बोललं नाही. राज्यात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. मालवणच्या वेळी आपण सहा फुटी नमुन्याला मान्यता दिली होती, ३५ फुटांचं आपल्याला कळवलंच नव्हतं, असं तेव्हाच्या संचालकांनी सांगितल्याचं वाचलेलं आठवतंय. सहा फुटांची कलाकृती सहापट मोठी केली की ती तीच राहत नाही. खालून बघताना डोकं लहान दिसतं, प्रमाणं बदलावी लागतात. ही कलेची बाब झाली. भाराची बाब तर वरच आली आहे.

---

मिशिगन-काठ

'खोल-पाया' आणि 'ओतकाम' यांचे प्रतिसाद वाचून शिकागोचंच दुसरं उदाहरण आठवलं. मिलेनियम पार्कमधलं अनिश कपूरचं 'क्लाउड गेट', ज्याला सगळे 'बीन' म्हणतात. कपूर मुंबईत जन्मलेला, म्हणून आपल्यालाही त्याचं अप्रूप. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे, ११० टन. आधी सहा दशलक्ष डॉलरचा अंदाज होता, शेवटी २३ दशलक्ष झाले. २००४ मध्ये पार्क उघडायचं होतं म्हणून अर्धवट अवस्थेतच दाखवलं, सांधे दिसत होते. मग पुन्हा तंबू ठोकून घासून-घासून ते सांधे नाहीसे केले आणि रीतसर लोकार्पण झालं मे २००६ मध्ये. तारीख तिथेही आडवी आली होती, पण काम अर्धवट सोडलं नाही. आणि खालचा सहा फुटांचा भाग, जिथवर लोकांचे हात पोचतात, तो दिवसातून दोनदा पुसतात. हात लावू नका अशी पाटी लावण्यापेक्षा त्यांनी पुसायला माणसं नेमली. माझ्या मूळ लेखाचा सगळा मुद्दा या एका व्यवस्थेत आहे.

---

नोटरी-गल्ली

कायद्याचे दोन मुद्दे, थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो.

पहिला फोटोचा. वर आलेल्या पिकासोच्या शिल्पावर १९७० मध्ये अमेरिकेत खटल्याचा निकाल लागला आणि ते सगळ्यांना खुलं ठरलं, कुणीही प्रतिकृती करावी. 'बीन'च्या बाबतीत उलट, तिथे सुरुवातीला धंदेवाईक छायाचित्रकारांना हटकलं जायचं. आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ स्पष्ट आहे: सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं, चित्र काढणं, ते छापणं हा भंग होत नाही. कुणी रखवालदार अडवत असेल तर हे सांगा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. शिल्प एकदा शहराला दिलं की शिल्पकाराचा हक्क संपतो का? दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं भलंमोठं कांस्य भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या कामात ते उखडून गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच कायद्याच्या कलम ५७ खाली, म्हणजे कलाकाराच्या नैतिक हक्काच्या कलमाखाली, त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या म्हणून. सरकारने पैसे मोजून घेतलेली वस्तू असली तरी ती हवी तशी मोडता येत नाही, हे भारतीय न्यायालयाने सांगितलं. चौकातलं म्युरल रुंदीकरणात पाडताना महापालिकांना हा निकाल कुणी दाखवत नाही, दाखवायला हवा.

---

शिंपोली

@नोटरी-गल्ली, मग लोकांनाच ते शिल्प नको असेल तर? शिल्पकाराचा हक्क मोठा की रोज तिथून जाणाऱ्यांचा?

---

मिशिगन-काठ

याचं सगळ्यात कडू उदाहरण न्यूयॉर्कचं. रिचर्ड सेराचं 'टिल्टेड आर्क', १९८१, एका सरकारी कचेरीसमोरच्या चौकात. १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली पोलादी भिंत. तिने चौकाचे दोन भाग केले. कामाला येणाऱ्यांना रोज तिला वळसा घालावा लागायचा, आणि सेराला तेच हवं होतं, चालणाऱ्याला आपल्या चालण्याची जाणीव व्हावी. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १२२ जण ते राहावं म्हणून बोलले, ५८ जण काढावं म्हणून. समितीने चार विरुद्ध एक मतांनी काढायचं ठरवलं. सेरा म्हणाला, ते या जागेसाठीच केलंय, हलवणं म्हणजे नष्ट करणं. तो कोर्टात हरला आणि मार्च १९८९ मध्ये रात्री कामगार लावून ते कापून नेलं.

मी यात सेराच्या बाजूचा नाही. दिवसभर कचेरीत राबणाऱ्या माणसाला दुपारी बसायला असलेली एकुलती एक मोकळी जागा तुम्ही त्याला न विचारता तोडली, तर तो चिडणारच. पण सुनावणी बसवल्यावर चार वर्षांनी, काढायचं ठरवताना नव्हे, बसवण्याआधी व्हायला हवी होती. ती तेव्हा झाली असती तर कदाचित भिंत दहा फूट सरकली असती आणि आज उभी असती.

---

पर्वती-पायथा

जागेचा मुद्दा आपल्याकडेही ताजा आहे. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा, १९६७ मध्ये बसवलेला. (शिकागोच्या पिकासोचंही तेच वर्ष.) २०२४ मध्ये तो आणि गांधीजींचा पुतळा आवारातच 'प्रेरणा स्थळ' म्हणून नवीन जागी हलवले. विरोधी पक्षांनी हरकत घेतली, कारण खासदारांची निदर्शनं वर्षानुवर्षं गांधींच्या पुतळ्यापाशी व्हायची. पुतळा तोच, पण समोरची जागा बदलली की त्याच्यापाशी काय होऊ शकतं तेही बदलतं. म्हणून मी म्हणतो, नकाशावर पुतळ्यासाठी ठिपका आखताना त्यासमोर माणसं जमायला किती चौरस फूट ठेवले ते विचारा.

---

संत्रानगरी

नागपूरकडून एक व्यवहारी अडचण. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. तुमचं ते पोलाद आणि स्टील दुपारी बाराला हात लावून बघा, फोड येईल. लोकांनी शिल्पापाशी बसावं असं वाटत असेल तर आधी झाड लावा. आमचा झिरो माईल बघा, वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे, शहराची ओळख आहे ती. पण दुपारी तिथे थांबतं कोण? शिकागोच्या चौकात सावली नसली तरी चालते, कारण तिथे लोक ऊन शोधत असतात. आपण सावली शोधतो. विदर्भ-मराठवाड्यात भव्य शिल्प करायचं तर त्याची सावली कुठे पडेल हा रचनेचा भाग हवा, आणि धातू शक्यतो नको. दगडात कुणी काम करतं का आता एवढं मोठं?

---

ओतकाम

@संत्रानगरी, करतात, आणि तुमचा मुद्दा मला पटला, जरी त्यात माझा धंदा बुडतो. आपल्या काळ्या पाषाणाला गंज नाही, सांगाडा नाही, पोकळी नाही. वेरूळ त्याच दगडातलं आहे, आणखी काय सांगू. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काळा दगड उन्हात धातूइतका चटकन नाही तरी तापतोच आणि तापला की संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहतो, तेव्हा बसायची कड उत्तरेला किंवा झाडाखाली काढा. दुसरं, खाणीतून निर्दोष मोठा ठोकळा मिळणं हेच खरं काम. मिळेल त्या ठोकळ्याप्रमाणे शिल्प ठरवा, शिल्पाप्रमाणे ठोकळा शोधू नका. मूर्तिकाम करणारे पाथरवट अजून आहेत, त्यांना देवळाबाहेरचं काम मिळत नाही एवढंच. महापालिकेत कुणी ऐकणारं असेल तर अंदाजपत्रकात पहिली ओळ झाडांची, दुसरी पायाची आणि तिसरी दहा वर्षांच्या देखभालीची घालायला सांगा, मग उंचीचं बोलू. मातीचा नमुना करून द्यायला मी तयार आहे, निरोप पाठवा.